गुडघ्यामागचा काळा ठिपका: गोचीड, लाइम आणि पुढचे 30 दिवस

जूनमधली रविवारची रात्र. आंघोळ झाल्यावर मुलाला पुसत होते आणि उजव्या गुडघ्यामागच्या खळगीत एक काळा ठिपका दिसला. तीळ म्हणावा, तर आधी कधी पाहिला नव्हता. मातीचा कण असेल म्हणून बोट फिरवलं, निघाला नाही. मोबाइलचा टॉर्च लावला, चष्मा चढवला, तेव्हा त्या ठिपक्याला पाय दिसले.

सासूबाई मे महिन्यात सावंतवाडीहून आमच्याकडे न्यू जर्सीला आल्या होत्या. त्यांनी वाकून बघितलं आणि लगेच ओळखलं. "अगो, ही तर गोचीड! जरासं रॉकेल लाव, आपसूक सुटेल." गोठ्यातल्या गुरांच्या गोचिडी काढत त्यांचं लहानपण गेलेलं, त्यामुळे आवाजात घाबरटपणा नव्हता. माझ्या डोक्यात मात्र एकच शब्द घणघणत होता: लाइम, गोचीड चावून होणारा जिवाणूचा आजार. पाच दिवसांनी, शुक्रवारी, आम्हा सगळ्यांना भारतात जायला निघायचं होतं.

लाइमबद्दल इंग्रजीत ढीगभर माहिती आहे. पण आपल्या सावळ्या कातडीवर त्याची खूण कशी दिसते आणि सुट्टीत पोराला घेऊन भारतात गेल्यावर काय करायचं, या दोन गोष्टी मला त्या रात्री कुठे नीट सापडल्या नाहीत. म्हणून हे लिहिते आहे. इथल्या आईबाबांसाठी, आणि ज्यांची नातवंडं उन्हाळ्यात इथून तिकडे येतात त्या आजीआजोबांसाठीही.

आधी नावाचं सांगते. लाइम म्हणजे लिंबू नाही आणि चुनाही नाही. ते अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या एका गावाचं नाव आहे. 1975 च्या सुमारास त्या गावातल्या आणि शेजारच्या ओल्ड लाइममधल्या मुलांचे गुडघे सुजायला लागले. डॉक्टर म्हणत, लहान मुलांमधला संधिवात आहे. पण संधिवात असा एका गल्लीतल्या चार घरांत पसरत नाही. पॉली मरे आणि ज्युडिथ मेन्श या दोन आयांना हे पटेना. पॉली मरे यांचं सगळं घरच कित्येक वर्षं आजारी होतं. त्यांनी कोणाला काय, कधी झालं याच्या नोंदी ठेवल्या आणि आरोग्य खात्याला कळवलं. मग येल विद्यापीठातल्या ॲलन स्टीअर या तरुण डॉक्टरने गावोगाव फिरून मोजदाद केली. 51 रुग्ण सापडले, त्यातली 39 मुलं. बहुतेकांची घरं झाडीला लागून, आजाराची सुरुवात उन्हाळ्यात किंवा त्यानंतर लगेच, आणि काहींना आधी अंगावर एक विचित्र पसरणारा चट्टा आल्याचं आठवत होतं. कारण सापडायला आणखी काही वर्षं लागली. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला विली बर्गडॉर्फर यांना गोचिडींच्या आतड्यात स्क्रूसारखे पिळदार जिवाणू दिसले. त्या जिवाणूला आज त्यांचंच नाव आहे, बोरेलिया बर्गडॉर्फेरी.

मला ही गोष्ट फार धीर देते. हा आजार जगापुढे आला तो दोन आयांनी आपल्या शंकेवर विश्वास ठेवला आणि वहीत तारखा लिहिल्या म्हणून. पुढे मीसुद्धा तेच करणार होते.

आता मुख्य मुद्दा, जो त्या रात्री मला कोणीतरी कानात सांगायला हवा होता: गोचीड चावली म्हणजे लाइम झाला, असं नाही. हातात वेळ असतो.

सगळ्याच गोचिडी लाइम पसरवत नाहीत. अमेरिकेच्या ईशान्य भागात हे काम करते ती काळ्या पायांची गोचीड. इथे तिला हरणाची गोचीड म्हणतात, पण हरणाकडून तिला हा जिवाणू मिळत नाही. मोठ्या गोचिडी हरणाच्या रक्तावर पोसतात, एवढंच. जिवाणू मिळतो तो मुख्यतः पांढऱ्या पायांच्या रानउंदराकडून. अंड्यातून निघालेलं पिल्लू निर्धोक असतं. ते उंदराला चावतं, जिवाणू पोटात घेतं आणि कात टाकून पुढच्या वर्षी जरा मोठं होतं. या मधल्या अवस्थेतली पिल्लं मे ते जुलैमध्ये पालापाचोळ्यात, गवताच्या टोकावर पुढचे पाय पसरून वाट बघत बसतात. गोचीड उडत नाही, उडी मारत नाही, झाडावरून टपकतही नाही. आपण घासून गेलो की ती पकडते आणि वर चढते. ईशान्येत बऱ्याच ठिकाणी अशा चार-पाच पिल्लांतल्या एकाच्या पोटात जिवाणू असतो. पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं. आपल्या अनारशावरची पांढरी खसखस नव्हे, इथे बेगलवर भुरभुरलेली असते ती काळी. पूर्ण वाढलेली मादी काळ्या तिळाएवढी. बहुतेक वेळा लाइम या खसखशीमुळेच होतो, कारण तीळ दिसतो, खसखस दिसत नाही.

आणि वेळ का असतो? उपाशी गोचिडीत हा जिवाणू तिच्या पोटात, आतड्याच्या भिंतीला चिकटून असतो. लाळेत नसतो. ती रक्त प्यायला लागते, तिच्या पोटात गरम रक्त येतं, तेव्हा कुठे तो जागा होतो. मग अंगावरचं आवरण बदलतो, वाढतो आणि पोटातून लाळेच्या ग्रंथींपर्यंत प्रवास करतो. तिथून पुढे लाळेबरोबर आपल्या अंगात. या सगळ्याला बहुतेक वेळा चोवीस तासांहून जास्त वेळ लागतो. म्हणून ती किती वेळ चिकटलेली होती, हा पहिला प्रश्न. मुलाचं रक्त तपासायचं का, हा पहिला प्रश्न नाही.

आम्ही हिशेब मांडला. शनिवारी दुपारी मुलगा मित्रांबरोबर फुटबॉल खेळत होता आणि चेंडू आणायला कुंपणापलीकडच्या पाचोळ्यात चार-पाचदा तरी शिरला होता. शुक्रवारी रात्री मीच त्याला न्हाऊ घातलं होतं, तेव्हा पाय स्वच्छ होते. शनिवारी त्याने स्वतः आंघोळ उरकली. म्हणजे जास्तीत जास्त 28-29 तास. गोचीड चपटी होती, रक्त पिऊन टम्म झालेली नव्हती. हेही महत्त्वाचं. फुगलेली गोचीड म्हणजे ती बराच वेळ प्यायली आहे.

सासूबाईंच्या रॉकेलला मी नाही म्हटलं, आणि इथे लोक सांगतात त्या व्हॅसलीन, नेलपॉलिश, पेटत्या काडीलाही. गुदमरलेली किंवा चटका बसलेली गोचीड पोटातलं उलट आपल्या अंगात ओकण्याची शक्यता असते, आणि ती सुटेपर्यंत वेळ जातो तो वेगळाच. काटा काढायचा टोकदार चिमटा घ्यायचा. गोचिडीचं पोट न दाबता, कातडीच्या अगदी लगत, तिच्या तोंडापाशी धरायचं आणि सरळ वर, न हिसकता, न पिळता, एकसारखं ओढायचं. कातडी थोडी तंबूसारखी वर येते, मूल ओरडतं, आणि मग ती सुटते. माझ्या हातून तोंडाचा एक बारीकसा काळा तुकडा आतच राहिला आणि मी तो सुईने कोरायला गेले. ही माझी चूक. तो तुकडा म्हणजे काट्याच्या टोकासारखा, त्यातून लाइम होत नाही, कातडी तो आपणच बाहेर टाकते. सहज निघत नसेल तर सोडून द्यावा. जागा साबणाने धुतली, स्पिरिट लावलं. गोचीड झिपच्या छोट्या पिशवीत घातली, वर तारीख आणि वेळ लिहिली, एका नाण्याशेजारी ठेवून फोटो काढला.

सकाळी मुलाच्या डॉक्टरांना फोन केला. माझी एकच मागणी: अँटिबायोटिक द्या. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. गोचीड काळ्या पायांचीच आहे का? जिथे चावली तिथे लाइम असतो का? ती 36 तास किंवा जास्त चिकटली होती का? तिन्हींची उत्तरं हो असतील आणि गोचीड काढून 72 तास उलटले नसतील, तर डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा एकच डोस देतात. मुलांना तो वजनाप्रमाणे असतो. आठ वर्षांखालच्या मुलांचे दात पिवळे पडतील म्हणून पूर्वी हे औषध टाळत, पण थोड्या दिवसांसाठी ते आता लहानांनाही देतात. आमचं तिसरं उत्तर "नाही" होतं. डॉक्टर म्हणाल्या, डोसची गरज नाही, लक्ष ठेवा.

फोन ठेवल्यावर मला राग आला, हे कबूल करते. मग 2001 साली छापून आलेला न्यूयॉर्क राज्यातला एक अभ्यास वाचला आणि जरा शांत झाले. काळ्या पायांची गोचीड चावलेल्या 482 लोकांपैकी निम्म्यांना डोस दिला, निम्म्यांना खोटी गोळी. खोटी गोळी घेतलेल्या 247 पैकी 8 जणांना लाइमचा चट्टा आला, डोस घेतलेल्या 235 पैकी एकाला. म्हणजे लाइमच्या ऐन प्रदेशात, काहीही औषध न घेता, शंभरातल्या साधारण 97 जणांना काही झालं नाही. आणि ज्या आठ जणांना झालं, त्या सगळ्यांना चावलेली गोचीड पिल्लावस्थेतली आणि थोडीतरी फुगलेली होती. चपटी असण्याला डॉक्टर एवढं महत्त्व का देत होत्या, ते तेव्हा कळलं.

आता चट्ट्याबद्दल, आणि इथे थोडं थांबते.

लाइमची लागण झालेल्या दर दहांपैकी सात-आठ जणांना चट्टा येतो. चावल्यापासून 3 ते 30 दिवसांत, बहुधा आठवड्याभराने. पहिल्या एक-दोन दिवसांत चावलेल्या जागी छोटा लाल फोड येतो, तो डास चावल्यासारखाच असतो आणि विरून जातो. त्याला लाइम म्हणत नाहीत. लाइमचा चट्टा नंतर येतो आणि पसरतो. पसरणं हीच त्याची खरी ओळख. रोज थोडा मोठा होत तो 5 सेंटीमीटरच्या पुढे जातो, कधी तळहाताएवढा, कधी त्याहून मोठा. बहुधा खाजत नाही, दुखतही नाही, हाताला जरा कोमट लागतो.

पुस्तकांत, दवाखान्यातल्या भित्तिपत्रकांत जो फोटो असतो तो गोऱ्या पाठीवरच्या लालभडक चक्राचा, मधे ठिपका, भोवती कडं, नेमबाजीच्या पाटीसारखा. सगळे तोच शोधतात. एक तर गोऱ्या माणसातही बऱ्याचदा तो असा दिसत नाही, नुसता सलग लालसर गोल असतो. आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या अंगावर तो बऱ्याचदा लाल दिसतच नाही. जांभळट, तपकिरी किंवा मुका मार लागून काळंनिळं पडावं तसा दिसतो. कडा नीट कळत नाहीत. इथल्या काळ्या लोकांमध्ये लाइम उशिरा, सांधे सुजल्यावर ओळखला जाण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त आहे, आणि चट्टा न दिसणं हे त्याचं एक कारण मानतात. आपलंही तसंच होऊ शकतं. म्हणून ट्यूबलाइटखाली बघू नका. खिडकीशी, दिवसाच्या उजेडात बघा, हात फिरवून बघा, आणि दोन्ही पाय शेजारी ठेवून रंगात फरक आहे का ते बघा.

आपल्याकडे गोल चट्टा म्हटलं की पहिला शब्द येतो नायटा. दोन्हींतला फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. नायट्याची कडा उचललेली, खरखरीत, तिच्यावर कोंडा, आणि खाज जीव नकोसा करणारी. लाइमचा चट्टा सहसा सपाट आणि गुळगुळीत. नायटा आठवडेच्या आठवडे रेंगाळत वाढतो, हा दिवसांत पसरतो.

आम्ही ठरल्याप्रमाणे शुक्रवारी सावंतवाडीला निघालो. सासूबाईंच्या डोक्यातून रॉकेल गेलं होतं आणि पहारा त्यांनीच हाती घेतला. रोज सकाळी नातवाला अंगणात उभं करून गुडघ्यामागे बघायच्या. नवव्या दिवशी त्यांनी हाक मारली. त्याच जागी पावलीएवढा लालसर फुगवटा. माझ्या पोटात गोळा आला. मग बॉलपेन घेतलं आणि त्याच्या कडेकडेने बारीक रेघ ओढली, बाजूला तारीख घातली, फोटो काढला. ही युक्ती साधी आहे पण फार उपयोगाची. आठवणीवर विसंबलं तर भीतीपोटी चट्टा रोज मोठाच दिसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी फुगवटा रेघेच्या आत होता, मुलगा तिथे खाजवत होता. तिसऱ्या दिवशी नुसती रेघ उरली. पावसाळा, सावंतवाडी, डास.

तरी मधल्या दिवशी आम्ही तिथल्या डॉक्टरांना दाखवून आलो होतो. मी एक चिठ्ठी नेली होती: न्यू जर्सीत अमुक तारखेला काळ्या पायांची गोचीड चावली, साधारण 28 तास होती, तिथे लाइम असतो, औषध दिलेलं नाही. अशी चिठ्ठी भारतात जाताना प्रत्येकाने जवळ ठेवावी. तिथल्या डॉक्टरांच्या समोर लाइमचा रुग्ण सहसा येतच नाही, मग तो त्यांच्या मनात का यावा? त्यांना दोष देऊन उपयोग नाही, आपण सांगायला हवं. या डॉक्टरांनी गोचीड म्हटल्यावर उलट मलाच विचारलं, मुलगा इथे काजूच्या बागेत, रानात गेला होता का? कारण सिंधुदुर्गात गोचीड म्हटलं की माकडताप आठवतो. 1957 साली कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला आणि 2016 च्या सुमारास दोडामार्गात दिसला. गोव्यात सत्तरीतही. तोही गोचिडीच्या पिल्लांमुळेच होतो, पण गोचीड वेगळी, आणि रोग विषाणूचा. जोर मुख्यतः जानेवारी ते मे, म्हणजे काजूच्या हंगामात. त्यात चट्टा बघत बसायचं नसतं. रानात जाऊन आल्यावर आठवड्याभरात एकदम फणफणून ताप, डोकं आणि अंग ठणकणं, असं झालं की लगेच दवाखाना. थोडक्यात, तिकडची गोचीड आणि इकडची गोचीड एका मापाने मोजू नका. आपल्याकडच्या कुत्र्याच्या अंगावरची गोचीड मुलाला चिकटली म्हणून लाइमच्या भीतीने झोप घालवू नका, आणि गोचिडीच्या तापाला नुसता ताप म्हणून सोडूही नका.

रक्ततपासणीचं राहिलं. चावल्यावर लगेच तपासणी करून घेऊ, असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटलं. पण ती तपासणी जिवाणू शोधत नाही. आपल्या शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधते, आणि ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. चौथ्या दिवशीचा "निगेटिव्ह" म्हणजे काहीच नाही, आणि तो बघून निर्धास्त होणं धोक्याचं. पुढे चट्टा आलाच, तर लाइमच्या भागातून आलेल्या मुलाला डॉक्टरांनी तपासणीची वाट न बघता औषध सुरू करायचं असतं. गोचिडीलाच प्रयोगशाळेत पाठवायची सोय इथे मिळते, तिच्यावर पैसे घालवायची गरज नाही. तिच्या पोटात जिवाणू असला तरी तो मुलात उतरला का, हे त्यातून कळत नाही.

चट्टा न येता लाइम झाला तर? त्या 30 दिवसांत, विशेषतः उन्हाळ्यात, सर्दी-खोकला नसताना ताप, थकवा, मान दुखणं, अंगदुखी आली तर गोचिडीचं नाव घेऊन डॉक्टरांकडे जा. नंतरच्या काळात एका बाजूचं तोंड वाकडं होणं, एक डोळा न मिटणं, चक्कर किंवा छातीत धडधड, आणि कित्येक महिन्यांनीही एक गुडघा टम्म सुजणं. चक्कर, धडधड, धाप यांत थांबू नका, जिवाणू हृदयाच्या ठोक्यांची वाट अडवू शकतो. हे सगळं वाचून धडकी भरते, मला माहीत आहे. पण चट्ट्याच्या टप्प्यावर उपचार म्हणजे दहा ते चौदा दिवसांचं अमॉक्सिसिलिन किंवा डॉक्सिसायक्लिन, घरी, तोंडाने. सुजलेल्या गुडघ्यालासुद्धा बहुधा महिन्याभराच्या गोळ्या पुरतात. बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. काहींचा थकवा आणि दुखणं उपचारानंतरही महिनोन्महिने टिकतं, तो त्रास खराच असतो. पण त्यावर महिनेच्या महिने सलाइनमधून अँटिबायोटिक देणाऱ्यांपासून मुलाला जपा. अभ्यासांत त्याचा टिकाऊ फायदा दिसलेला नाही, आणि इजा दिसली आहे. आणखी एक, लाइम एकदा झाला म्हणजे पुन्हा होत नाही असं नाही.

तिसावा दिवस सावंतवाडीतच उलटला. मुलाला काही झालं नाही.

आता घरात काही गोष्टी बदलल्या आहेत. झाडीत जायचं असेल तर फिक्या रंगाची पँट, मोज्यात खोचलेली. बुटांवर आणि कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक, अंगावर डीईटी हे कीटक दूर ठेवणारं रसायन असलेलं मलम. परत आल्यावर कपडे धुण्याआधी दहा मिनिटं कडक गरम ड्रायरमध्ये, कारण गोचीड गार-कोमट पाण्यात धुण्याने मरत नाही, कोरड्या उष्णतेने मरते. दोन तासांच्या आत आंघोळ. आणि मग तपासणी: केसांची मुळं, कानामागे आणि कानात, काखा, बेंबी, कमरेचा पट्टा बसतो ती जागा, जांघा, गुडघ्यामागे. केसांत मी दिवाळीच्या अभ्यंगासारखी बोटं फिरवते. डोळ्यांना न दिसणारी खसखस बोटांना लागते.

सासूबाई सावंतवाडीहून संध्याकाळी व्हिडिओ कॉल करतात. नातू समोर आला की आधी त्याला म्हणतात, "पाठमोरा हो बघू," आणि मग मला, "कानामागे बघितलंस?"